मेलेलं नाही, सुन्न पडलंय: हृदयाच्या स्नायूला वेळ देण्याचा इतिहास

आपण इथे दर वेळी इतिहासातली एक गोष्ट घेतो. आजची गोष्ट मी घरून आणलीये.

गेल्या जूनमध्ये रात्री पावणेदोनला आईचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखतंय, घाम सुटलाय, मामा गाडी काढतोय. बाबा एकसष्ट वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. साताऱ्याहून त्यांना पुण्याला आणलं तेव्हा उजाडायला आलं होतं. अँजिओग्राफी झाली. हृदयाला रक्त देणाऱ्या डाव्या मुख्य वाहिनीतच मोठा ब्लॉक होता. ब्लड प्रेशर राहत नव्हतं. मांडीच्या सांध्यातून एक नळी आत घातली, ती एका मशीनला जोडली आणि बाबांना थेट बायपाससाठी आत नेलं. मी फॉर्मवर सही केली. कशावर केली ते मला आजही नीट आठवत नाही.

ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. फाईलमध्ये इकोचा रिपोर्ट होता आणि त्यात एक आकडा: ईएफ ३० टक्के.

ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, तो आकडा. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. बाबांचा ३०. मी सॉफ्टवेअरवाली. माझ्या कामात सर्व्हर एकतर चालू असतो नाहीतर बंद, आणि डॅशबोर्डवरचा आकडा लाल झाला की लाल. मी मनात ठरवून टाकलं की बाबांचं हृदय अर्धं गेलं. ते आता घराबाहेर पडणार नाहीत.

पुढे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय आजचा एपिसोड होणार नाही. मी बाबांना न विचारता त्यांची स्प्लेंडर विकायला काढली. फोटो काढला, ॲपवर टाकला, किंमत लिहिली. दोन दिवसांनी मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये असताना एक मुलगा दारात आला. दार बाबांनी उघडलं. "काका, गाडी बघायला आलोय."

बाबांनी त्याला गाडी दाखवली. चेन दाखवली, टायर दाखवले, ॲव्हरेज सांगितलं. मग शांतपणे म्हणाले, "बघितलीस ना? विकायची नाहीये."

संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, "घाटात इंजिन तापलं की आम्ही गाडी भंगारात काढत नव्हतो बाळा. बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि थांबायचं. झाकणसुद्धा लगेच उघडायचं नाही. किती थांबायचं तेवढं ड्रायव्हरला कळायला पाहिजे."

मला तेव्हा डॉक्टरांचं डिस्चार्जच्या दिवशीचं वाक्य आठवलं. ते म्हणाले होते, "काका, ९० दिवसांनी परत इको करू. तोवर या आकड्यावर काहीच ठरवायचं नाही."

नव्वदच का? साठ का नाही, दहा का नाही? मी शोधायला लागले आणि थेट १९३१ सालात जाऊन पोचले.

थांबवायचं कसं, आणि परत सुरू कसं करायचं

१९३१, बोस्टन, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल. जॉन गिबन नावाचा तरुण सर्जन एका बाईच्या उशाशी रात्रभर बसला होता. तिच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत मोठी गाठ अडकली होती. सकाळी तिची प्रकृती ढासळली, घाईने ऑपरेशन करून गाठ काढली, पण ती वाचली नाही. गिबनच्या डोक्यात त्या रात्री एक कल्पना बसली. तिचं रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत आत सोडता आलं असतं तर? हृदय आणि फुप्फुसं दोघांनाही थोडा वेळ सुट्टी देता आली असती.

ही कल्पना माणसावर यशस्वी व्हायला बावीस वर्षं लागली. ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात गिबनने अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र शिवलं. त्या वेळी २६ मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं सगळं काम मशीनने केलं. ती बरी झाली. या सगळ्या प्रवासात त्याची बायको मेरी त्याच्याबरोबर प्रयोगशाळेत काम करत होती, हे मुद्दाम सांगते, कारण तिचं नाव सहसा राहून जातं.

मशीन आलं, पण एक नवी अडचण उभी राहिली. शरीराला मशीन रक्त देतंय, ठीक. पण हलत्या हृदयावर बारीक टाके घालणं अवघड. म्हणून हृदय थांबवावं लागतं, आणि त्यासाठी हृदयाचा स्वतःचा रक्तपुरवठाही बंद करावा लागतो. म्हणजे ज्या स्नायूला वाचवायचं, त्यालाच ऑपरेशनभर उपाशी ठेवायचं.

१९५५ मध्ये लंडनच्या डेनिस मेलरोझने एक उपाय मांडला. पोटॅशिअम सायट्रेट हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडायचं. पोटॅशिअम वाढलं की स्नायूतली विजेची ये-जा थांबते आणि हृदय सैल पडून शांत होतं. कल्पना बरोबर होती, डोस फार तीव्र होता. काही वर्षांत लक्षात आलं की त्या द्रावणाने स्नायूलाच इजा होतेय. पद्धत मागे पडली आणि बऱ्याच सर्जननी पोटॅशिअमचं नावच टाकलं.

पुढची काही वर्षं काहीजण हृदय बर्फाने थंड करत होते, काहीजण रक्तपुरवठा थोडा वेळ बंद, थोडा वेळ चालू असं करत होते. टाके अचूक पडायचे, दुरुस्ती उत्तम व्हायची, आणि शेवटी हृदयच आकुंचन पावून दगडासारखं घट्ट व्हायचं, परत सैल व्हायचंच नाही. १९७२ मध्ये ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांनी या अवस्थेचं वर्णन केलं आणि तिला नाव दिलं 'स्टोन हार्ट', म्हणजे अक्षरशः दगडी हृदय.

मग सत्तरच्या दशकात पोटॅशिअम परत आलं, पण या वेळी खूप कमी प्रमाणात आणि थंड करून. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डेव्हिड हर्स हे शास्त्रज्ञ आणि मार्क ब्रेमब्रिज हे सर्जन यांनी मिळून असं द्रावण तयार केलं आणि १९७५ च्या सुमारास ते पेशंटवर वापरायला सुरुवात झाली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या कार्डिओप्लेजियामागे, म्हणजे हृदय थांबवणाऱ्या द्रावणामागे, हे काम आहे. यातला विचार सोपा आहे. उपाशी राहायचंच असेल तर धावत राहू नका, थंडीत झोपून राहा. खर्च कमी केला की शिल्लक पुरते.

दहा दिवसांची उसंत

आता थोडं मागे, १९६६ मध्ये जाऊ. ह्यूस्टन, सर्जन मायकेल डिबेकी.

सदतीस वर्षांची एक बाई. हृदयाच्या दोन झडपा बदलायचं ऑपरेशन झालं. झडपा व्यवस्थित बसल्या. पण हार्ट-लंग मशीन बंद करायला गेले की तिचं हृदय भार घेईना. मशीन चालू, तर बाई जिवंत. मशीन बंद, तर प्रेशर खाली. त्या काळी अशा वेळी सर्जनकडे फारसं काही उरायचं नाही, आणि ते मशीन दिवसच्या दिवस चालवता येत नसे.

डिबेकींच्या टीमने एक छोटा हवेवर चालणारा पंप लावला. छातीच्या बाहेर ठेवलेला. हृदयाच्या डाव्या बाजूचं रक्त त्यात यायचं आणि तिथून काखेजवळच्या धमनीत जायचं. म्हणजे तिच्या हृदयाला रिटायर केलं नाही, फक्त त्याच्या डोक्यावरचं ओझं कमी केलं. तीन वर्षांपूर्वी, १९६३ मध्ये, त्याच शहरात डोमिंगो लिओत्ता आणि स्टॅन्ली क्रॉफर्ड यांनी असा पंप एका पेशंटला बसवला होता. तो पेशंट चार दिवसांनी गेला. त्यामुळे या वेळी काय होणार याची खात्री कुणालाच नव्हती.

दहा दिवस पंप चालला. आणि त्या दहा दिवसांत तिचं स्वतःचं हृदय हळूहळू परत काम करू लागलं. पंप काढला. ती घरी गेली. त्यानंतर ती सहा वर्षं जगली, आणि तिचा मृत्यू झाला तो मोटार अपघातात, हृदयाने नाही.

थोडं थांबून याचा अर्थ बघा. ऑपरेशन टेबलवर ज्या हृदयाला बघून कुणीही म्हणालं असतं की हे संपलं, ते संपलेलं नव्हतं. त्याच्यात नवं काही बसवलं नाही, नवा स्नायू लावला नाही. त्याला मिळाले फक्त दहा दिवस.

दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये, ब्रुकलिनमध्ये एड्रियन कँट्रोवित्झ यांनी आणखी सोपी युक्ती पहिल्यांदा पेशंटवर यशस्वी करून दाखवली. महाधमनीत एक लांबट फुगा सोडायचा. हृदय सैल पडलं की फुगा फुगतो आणि रक्त मागे, हृदयाच्याच वाहिन्यांत ढकलतो. हृदय आकुंचन पावायच्या क्षणी फुगा एकदम रिकामा होतो, त्यामुळे समोरचा दाब कमी होतो आणि हृदयाला रक्त ढकलायला कमी जोर लागतो. फुग्यात हेलियम असतो, कारण तो हलका वायू झटकन आतबाहेर करता येतो. पहिली पेशंट पंचेचाळीस वर्षांची, हार्ट अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेली बाई होती. तीही घरी गेली.

बाबांच्या मांडीतून घातलेली नळी म्हणजे हाच फुगा. आयसीयूत त्या मशीनचा ठोक्यागणिक येणारा आवाज मी तीन दिवस ऐकला. मला वाटायचं, हे मशीन बाबांचं हृदय चालवतंय. नाही. ते फक्त बाजूने हात देत होतं. पुढे २०१२ मध्ये जर्मनीत सहाशे पेशंटवर अभ्यास झाला, आणि हार्ट अटॅकमुळे शॉकमध्ये गेलेल्यांना हा फुगा सरसकट लावून महिन्याभरातले मृत्यू कमी झाले नाहीत असं दिसलं. त्यामुळे आता तो सगळ्यांना लावत नाहीत, माणूस बघून ठरवतात. इतिहासात असं होतं. एखादी गोष्ट एका बाईला वाचवते, आणि पंचेचाळीस वर्षांनी कळतं की ती सगळ्यांसाठी नाही.

सुन्न पडलेला स्नायू

हृदय परत जागं होतं हे डिबेकींनी बघितलं, पण का होतं ते तेव्हा नीट माहीत नव्हतं. त्या काळचा समज साधा होता. स्नायूचा रक्तपुरवठा तुटला तर दोनच शक्यता. वेळेत परत मिळाला तर तो लगेच पूर्ववत होतो, उशीर झाला तर मरतो. चालू किंवा बंद. अगदी माझ्या सर्व्हरसारखं.

१९७५ मध्ये गाय हेंड्रिक्स, स्टीफन व्हॅटनर आणि सहकाऱ्यांनी शुद्धीत असलेल्या कुत्र्यांवर केलेला प्रयोग छापून आला. त्यांनी हृदयाची एक वाहिनी फक्त पंधरा मिनिटं बंद ठेवली आणि मग उघडली. पंधरा मिनिटांत स्नायू मरत नाही, हे माहीत होतं. रक्त परत आलं. पण तो भाग पुढचे सहा तास उलटले तरी नीट आकुंचन पावत नव्हता. आणि मग, साधारण दिवसभरात, आपोआप ठीक झाला.

म्हणजे एक तिसरी अवस्था होती. जिवंत, पण काम न करणारी.

१९८२ मध्ये युजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी या अवस्थेवर लेख लिहिला आणि तिला 'स्टन्ड मायोकार्डियम' म्हटलं. मी त्याला सुन्न पडलेला स्नायू म्हणते. हातावर डोकं ठेवून झोपल्यावर हात सुन्न पडतो, उचलत नाही, पण हात गेलेला नसतो. उदाहरण तंतोतंत नाही, हातात नस दबलेली असते, पण भावना तीच.

आत नेमकं काय होतं? हृदयाची पेशी आकुंचन पावते ती कॅल्शियममुळे. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम बाहेर येतं, पेशी आखडते, कॅल्शियम परत आत साठवलं जातं, पेशी सैल होते. दिवसाला सुमारे एक लाख वेळा. रक्तपुरवठा तुटून अचानक परत आला की दोन गोष्टी होतात. पेशीत कॅल्शियमचा पूर येतो, आणि ऑक्सिजनपासून काही फार तापट रेणू तयार होतात. दोन्हींमुळे आकुंचन करणाऱ्या प्रथिनांची मोडतोड होते आणि ती कॅल्शियमला नीट दाद देत नाहीत. पेशी जिवंत असते, तिची भिंत शाबूत असते, पण ओढ कमी पडते. ती प्रथिनं दुरुस्त व्हायला तास लागतात, कधी दिवस.

बाबा म्हणाले होते ना, तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही? अचानक परत आलेलं रक्तही थोडी इजा करतं, हे वाचताना मला तेच आठवलं.

आणि आणखी एक कोडं सुटलं. बाबांचं ऑपरेशन यशस्वी झालं असं सांगितल्यावर चार-पाच तासांनी त्यांचं प्रेशर परत खाली आलं, औषधं वाढवली. मी काचेबाहेर उभी राहून रडले. पण हृदयाच्या ऑपरेशननंतर हे नेहमीचं आहे. पंपिंग साधारण चार ते सहा तासांनी सगळ्यात कमी होतं, आणि मग पुढच्या एक-दोन दिवसांत वर येतं. नर्सताई मला म्हणाल्या होत्या, "ताई, आज रात्र जाऊ द्या." त्यांना वक्र रेषा माहीत होती, मला एकच बिंदू दिसत होता.

शीतनिद्रा

पण सुन्नपणा दिवसांत उतरतो, मग ९० दिवस कशाला? कारण आणखी एक अवस्था आहे.

शहाबुद्दीन रहिमतुल्ला हे कराचीच्या डाऊ मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये काम केलेले हृदयरोगतज्ज्ञ. १९८५ मध्ये ते बायपासच्या मोठ्या अभ्यासांचा आढावा घेत होते. त्यांचं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. काही पेशंटचं हृदय ऑपरेशनपूर्वी कित्येक महिने कमजोर होतं, आणि बायपास करून रक्त पोचवल्यावर ते सुधारलं. अचानक तुटलेला पुरवठा नव्हे, वर्षानुवर्षं कमी-कमी होत गेलेला पुरवठा. त्यांनी मांडलं की असा स्नायू मिळणाऱ्या रक्तापुरतंच काम करतो. अस्वल थंडीत जसं खर्च कमी करून पडून राहतं, तसा. त्यांनी या अवस्थेला 'हायबरनेटिंग मायोकार्डियम' म्हटलं आणि तेच नाव सगळीकडे रूढ झालं. शीतनिद्रेतला स्नायू.

या स्नायूला उठवायचं तर आधी रक्त पोचवायला हवं. त्यासाठी माणसांनी काय काय करून बघितलंय! आपल्या मुंबईची एक गोष्ट इथे आलीच पाहिजे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन, ज्यांनी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं, त्यांनी त्याआधी, १९६५ मध्ये, सापाच्या हृदयावरून एक पद्धत मांडली. सापाच्या हृदयाच्या स्नायूला बरंचसं रक्त थेट आतल्या कप्प्यातून, बारीक फटींमधून मिळतं. मग माणसाच्या हृदयालाही सुईने बारीक वाटा पाडून दिल्या तर? सेन यांची ही पद्धत तेव्हा फार चालली नाही, पण पुढच्या काळात अमेरिकेत लेझरने अशाच वाटा पाडायचे प्रयोग झाले.

प्रत्यक्षात जो रस्ता रुळला तो रेने फाव्हालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनचा. क्लीव्हलँडमध्ये मे १९६७ मध्ये त्यांनी पायातली शीर काढून ब्लॉकला वळसा घालणारी नवी वाट जोडली. बाबांच्या डाव्या पायावर जी लांब जखमेची रेघ आहे, ती याच पद्धतीची.

शीतनिद्रेतला स्नायू मात्र एका दिवसात उठत नाही. दीर्घकाळ कमी खाऊन राहिलेल्या पेशींनी स्वतःतली आकुंचनाची यंत्रणाच कमी करून टाकलेली असते. ती परत उभारायला आठवडे, कधी कित्येक महिने लागतात.

जे गेलं ते

आता गोड-गोड बोलून मी तुम्हाला फसवणार नाही. काही भाग खरंच मरतो.

१९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांच्या हृदयावर दाखवलं की रक्त तुटल्यावर मृत्यू एकदम होत नाही. तो आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा सरकतो. चाळीस मिनिटांनी रक्त परत दिलं तर बराच भाग वाचतो, तीन तासांनी कमी, सहा तासांनी अगदी थोडा. म्हणूनच त्या रात्री मामाने गाडी काढायला दहा मिनिटं लावली असती तर, हा विचार मी आजही करत नाही. करवत नाही.

मेलेल्या स्नायूची जागा व्रण घेतो. मग नवा स्नायू उगवत नाही का? याचं उत्तर फार विचित्र ठिकाणाहून आलं. पन्नास-साठच्या दशकात उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या आणि हवेतलं कार्बन-१४ खूप वाढलं. १९६३ च्या करारानंतर ते हळूहळू उतरत गेलं. पेशी जन्मताना तिच्या डीएनएमध्ये त्या वेळच्या हवेतलं कार्बन बसतं. म्हणजे प्रत्येक पेशीवर जन्मतारखेचा शिक्का! स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या टीमने २००९ मध्ये हा शिक्का वाचला. पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का नव्या होतात. पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. आख्ख्या आयुष्यात निम्म्याहून कमी पेशी बदलतात.

त्यामुळे बाबांचा आकडा वाढला तर तो नवा स्नायू उगवल्याने वाढणार नव्हता. सुन्न पडलेला आणि झोपलेला भाग जागा झाल्याने वाढणार होता. किती भाग त्यातला आणि किती व्रण, हे कळायला थांबणं भाग होतं.

नव्वद दिवस

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. ईएफ ३५ किंवा त्याहून कमी राहिलं तर हृदयाचा ठोका अचानक बिघडायचा धोका असतो. म्हणून छातीत शॉक देणारं छोटं यंत्र बसवतात, आयसीडी. साहजिकच वाटेल, मग लगेच बसवून टाका. तसं करूनही बघितलं. १९९७ मध्ये एक अभ्यास छापून आला. कमजोर हृदयाच्या ९०० पेशंटपैकी साधारण निम्म्यांना बायपासच्या वेळीच हे यंत्र बसवलं होतं. जगण्यात फरक दिसला नाही. २००४ मध्ये दुसरा अभ्यास आला, ६७४ पेशंट, त्यातल्या साधारण निम्म्यांना हार्ट अटॅकनंतर पहिल्या ४० दिवसांत यंत्र बसवलेलं. एकूण मृत्यू कमी झाले नाहीत.

या आणि अशा अनुभवातून नियम बनला. अटॅकनंतर किमान ४० दिवस, आणि बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर ९० दिवस, औषधं नीट देऊन थांबा. मग परत मोजा. मग ठरवा.

हे सगळं अजून पूर्ण उलगडलेलं नाही, तेही सांगते. कमजोर हृदयाच्या १२१२ पेशंटच्या अभ्यासात बायपास केलेले लोक दहा वर्षांच्या हिशेबात जास्त जगले. पण कुणाचा स्नायू जिवंत आहे हे तपासून कुणाला जास्त फायदा होईल ते ओळखता आलं नाही. २०२२ मध्ये अँजिओप्लास्टीच्या अशाच अभ्यासात ना मृत्यू कमी झाले ना ईएफ फारसं वाढलं. म्हणजे रहिमतुल्लांची शीतनिद्रा खरी आहे, पण प्रत्येक झोपलेला उठतोच असं नाही.

त्या ९० दिवसांत आम्ही काय केलं? आधी मी चुकीचंच केलं. विश्रांती म्हणजे पलंग, असं समजून बाबांना उठूच देईना. पूर्वी डॉक्टरही तेच करायचे. अटॅक आला की कित्येक आठवडे अंथरुणात. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी ८१ पेशंटना पहिल्याच काही दिवसांत खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं छापलं, तेव्हा अनेकांना ते धोक्याचं वाटलं होतं. बसवल्याने नुकसान झालं नाही. हृदयाला उसंत देणं वेगळं आणि माणसाला गुंडाळून ठेवणं वेगळं, हे तिथून कळत गेलं. फिजिओच्या मॅडमनी मला तेच दोन वाक्यांत सांगितलं आणि बाबांना अंगणात पाच मिनिटं चालायला लावलं. मग दहा. मग मारुतीच्या देवळापर्यंत. गोळ्या वेळेवर, मीठ कमी. बिडी बंद झाली, भांडणं करून का होईना.

ब्याण्णवाव्या दिवशी इको झाला. ईएफ ४२.

साठ नाही. एका भिंतीचा एक भाग अजून हलत नाही, तिथे व्रण आहे, तो राहणार. पण ३५ च्या वर, म्हणून आयसीडी लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, "काका, छान. औषधं सोडायची नाहीत." बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. छातीचं हाड जुळलंय, गावातल्या गावात चालवा, असं उत्तर मिळालं.

ॲपवरची ती जाहिरात मी त्याच रात्री काढली होती, तो मुलगा येऊन गेला तेव्हाच. पण फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. नव्वद वर्षं माणसं हेच शिकतायत की न हलणाऱ्या स्नायूकडे बघून लगेच निकाल द्यायचा नाही. मला ते शिकायला ब्याण्णव दिवस लागले.

तुमच्या घरी कुणाचा असा रिपोर्ट आला असेल तर एवढंच करा. डॉक्टरांना विचारा, "हा आकडा परत कधी मोजायचा?" आणि ती तारीख येईपर्यंत त्या माणसाला न विचारता काहीही विकायला काढू नका.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.